अमेरिकेत नोकरी करता करता हॅम रेडिओ: सेट सगळ्यात शेवटी घ्या

हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स घेऊन हौस म्हणून रेडिओवरून लोकांशी बोलणं. दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "अगं, पंचवीस-तीस डॉलरचा बाओफेंग मागवलाय, आता यावरून पुण्याला कसं बोलायचं?" मग मी विचारते लायसन्स कुठंय, तर उत्तर येतं "ते घेऊ ना नंतर". वरातीमागून घोडं. त्या हँडहेल्डवरून, म्हणजे हातात मावणाऱ्या सेटवरून, पुणं तर सोडाच, मधे टेकडी असेल तर शेजारच्या गावातलाही माणूस लागत नाही. मी न्यू जर्सीत भाड्याच्या अपार्टमेंटमधे राहून हे सगळं केलंय आणि बऱ्याच चुका करून झाल्यात, म्हणून क्रमाने लिहिते. क्रम मोडला की पैसे जातात नाहीतर महिने जातात.

१. आधी बघा तुम्ही कुठल्या रांगेत आहात

तुमच्याकडे भारतातलं लायसन्स आधीच असेल, म्हणजे व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरचं तुमचं ओळखनाव), आणि पासपोर्ट भारतीय असेल, तर भारत-अमेरिका करारामुळे त्याच लायसन्सवर इथे बोलता येतं, फक्त कॉलसाइनच्या आधी तुम्ही ज्या भागात आहात तिथला आकडा लावायचा. म्हणजे न्यू जर्सीत असाल तर आधी डब्ल्यू२, मग तिरकी रेघ, मग तुमचा भारतातला कॉलसाइन. तीन-चार महिन्यांसाठी आला असाल तर एवढं पुरे. वर्षानुवर्षं राहणार असाल तर सरळ इथली परीक्षा द्या. एक लक्षात ठेवा, एफसीसीचं, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाचं, लायसन्स एकदा हातात आलं की ती कराराची सवलत संपते, मग इथे फक्त इथलाच कॉलसाइन वापरायचा. अमेरिकेचे नागरिक झाला असाल तर ती सवलत तुम्हाला नाहीच.

काहीच नसेल तरी घाबरू नका. परीक्षेला व्हिसा कुठला ते कोणी विचारत नाही. परदेशी सरकारचे प्रतिनिधी सोडले तर कोणीही बसू शकतं, एच-४ वर घरी असलेली बायको किंवा नवराही आणि शाळेतली मुलंही, वयाची अट नाही. मी स्वतः एच-४ वर असताना दिली होती, तेव्हा नोकरी करता येत नव्हती आणि डोकं चालवायला काहीतरी हवं होतं.

२. नाव, पत्ता आणि एफआरएन

ही पायरी सगळे पाच मिनिटांत उरकतात आणि नंतर पस्तावतात, म्हणून जरा थांबून सांगते.

परीक्षेआधी एफसीसीच्या कोअर्स नावाच्या साइटवर नोंदणी करून दहा आकडी एफआरएन, म्हणजे एफसीसीकडचा आपला नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. फुकट आहे. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) असेल तर तिथे द्यायचा, नसेल तर का नाही ते निवडायची सोय फॉर्ममधेच आहे. एकदा एफआरएन मिळाला की परीक्षेच्या कागदावर एसएसएन लिहायची गरज नाही आणि लिहूही नका.

आता नाव. आपल्याकडे नाव-वडलांचं नाव-आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव, आणि पासपोर्टवर पहिली दोन एकाच खान्यात ठोकलेली असतात. अमेरिकन फॉर्ममधे मधल्या नावाला एका अक्षराची जागा असते. मी एफआरएनला दोन्ही नावं पहिल्या खान्यात लिहिली आणि परीक्षेच्या नोंदणीत नुसतं माझं. परीक्षेच्या दिवशी तिथल्या आजोबांनी पासपोर्ट बघितला, कागद बघितला, लॅपटॉप बघितला, परत पासपोर्ट बघितला, आणि शेवटी मला सगळं नव्याने भरायला लावलं, मागे आठ माणसं ताटकळत. तेव्हा पासपोर्ट समोर घ्या, एका चिठ्ठीवर नाव तीन तुकड्यांत लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी त्या चिठ्ठीवरूनच उतरवा.

पत्ता अमेरिकेतलाच लागतो, जिथे टपाल येतं असा.

सावधान: हा पत्ता जगजाहीर होतो. तुमचा कॉलसाइन कोणीही एफसीसीच्या डेटाबेसमधे टाकला की नाव आणि पत्ता समोर येतो. घराचा पत्ता द्यायचा नसेल, विशेषतः बायकांनी, तर आधी पोस्ट ऑफिसात पीओ बॉक्स घ्या आणि मग नोंदणी करा. नंतर बदलला तरी जुना पत्ता इतर साइट्सनी उचललेला असतो.

तपासा: एफआरएन दहा आकडी आहे ना, ईमेल तुम्ही रोज बघता तोच आहे ना (ऑफिसचा नको, नोकरी सुटली की तोही सुटतो).

३. अभ्यास: दोन परीक्षांचा एकदम

तीन पायऱ्या आहेत, टेक्निशियन, जनरल आणि एक्स्ट्रा. पहिल्या दोन्हीत ३५ प्रश्न, पास व्हायला २६ बरोबर लागतात. एक्स्ट्राला ५० पैकी ३७. मोर्स कोड २००७ पासून कुठल्याच परीक्षेला लागत नाही, त्यामुळे "मला टिक टिक येत नाही" हे कारण चालणार नाही. सगळे प्रश्न आधीच जाहीर असतात, हॅमस्टडी या साइटवर फुकट सराव होतो.

प्रश्नसंच दर चार वर्षांनी बदलतो. टेक्निशियनचा २०२२ वाला संच ३० जून २०२६ पर्यंतच, जनरलचा २०२३ वाला ३० जून २०२७ पर्यंत. मित्राने दिलेलं जुनं पुस्तक घेऊन बसायच्या आधी त्यावरचं वर्ष बघा.

आपल्या इंजिनियर मंडळींची ठरलेली चूक म्हणजे ओहमचा नियम येतो म्हणून अभ्यासच करत नाहीत. टेक्निशियनच्या पेपरात विजेच्या मूलतत्त्वांवर ४ प्रश्न असतात आणि नियमांवर ६, शिवाय रेडिओवर बोलायच्या पद्धतीवर ३ वेगळे. बीई करून आलेला माणूस इथे गडगडलेला मी बघितलाय. दुसरी चूक, "या प्रश्नाचं उत्तर बी" असं पाठ करणं. पर्यायांचा क्रम पेपरात उलटापालटा होऊ शकतो. उत्तर पाठ करा, अक्षर नाही.

आता मुख्य गोष्ट. टेक्निशियनला जवळच्या पल्ल्याचं व्हीएचएफ-यूएचएफ सगळं मिळतं, पण लांब पल्ल्याच्या एचएफ बँडवर (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सींचा ठरावीक पट्टा) आवाजात बोलायला फक्त २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ एवढी चिंधी मिळते. भारतात बोलायचा खरा रस्ता २० मीटरचा बँड आणि तिथे आवाजात बोलायला किमान जनरल लागतं, १४.२२५ ते १४.३५०. टेक्निशियन पास झालात की त्याच बैठकीत जनरलचा पेपर मागता येतो, सहसा जादा पैसेही लागत नाहीत. म्हणून सहा आठवडे द्या, दोन्हीचा अभ्यास करा, एकाच दिवशी दोन्ही द्या. "आधी टेक्निशियन होऊन जाऊदे, जनरल बघू पुढे" म्हणणारे तीन-तीन वर्षं तिथेच बसलेत.

४. परीक्षा, फी, कॉलसाइन

परीक्षा स्वयंसेवक घेतात, लायब्ररीत, चर्चच्या हॉलमधे, फायर स्टेशनात. फी साधारण १५ डॉलरपर्यंत, काही टीम फुकट घेतात. सोबत पासपोर्ट, एफआरएन, दोन पेन्सिली, साधा कॅल्क्युलेटर (मेमरी पुसलेला)। फोन बंद.

ऑनलाइनही देता येते, पण खोलीत तुम्ही एकटे हवे आणि कॅमेरा सगळीकडे फिरवून दाखवायचा असतो. टू बेडरूममधे चौघं राहत असाल तर रूममेट्सना आदल्या दिवशी सांगून ठेवा. मधेच कोणी "अरे कुकर किती शिट्ट्या?" विचारत आत आलं तर परीक्षा तिथेच थांबू शकते.

पास झालात की प्रमाणपत्र मिळतं, ते ३६५ दिवस धरलं जातं, जपून ठेवा. मग एफसीसीकडून ३५ डॉलर भरायचा ईमेल येतो आणि त्याला १० दिवसांची मुदत असते, सुट्टीचे दिवस धरून. तो ईमेल हमखास स्पॅममधे जातो. परीक्षेनंतर रोज स्पॅम बघा, आणि आलाच नाही तर कोअर्समधे लॉगिन करून तिथून भरा.

पैसे भरल्यावर एक-दोन दिवसांत डेटाबेसमधे कॉलसाइन दिसतो. त्यातला आकडा पत्त्यावरून येतो, न्यू जर्सी-न्यूयॉर्कला २, कॅलिफोर्नियाला ६. लायसन्स १० वर्षांचं.

सावधान: पास झाल्याचा कागद म्हणजे लायसन्स नाही. पहिलंच लायसन्स असेल तर डेटाबेसमधे कॉलसाइन दिसेपर्यंत बटण दाबायचं नाही.

५. महिनाभर नुसतं ऐका

ही पायरी सगळे गाळतात. वेबएसडीआर आणि किवीएसडीआर म्हणून जगभरातले रिसीव्हर इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळतात, एक पैसा खर्च नाही. अभ्यास चालू असतानाच सुरू करा.

एक वही करा आणि त्यात फक्त यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ लिहा. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे ८ म्हणजे १३:०० यूटीसी, भारतात संध्याकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात घड्याळ पुढे गेलं की आपले सकाळचे ८ म्हणजे १२:०० यूटीसी आणि भारतात साडेपाच. हा अर्धा तास आणि हा घड्याळबदल मिळून लोकांचा इतका गोंधळ करतात की ठरवलेली भेट तासभर चुकते आणि दोन्हीकडे माणूस हॅलो हॅलो करत बसतो. पूर्व किनाऱ्यावरून सकाळी आपल्या सूर्योदयानंतरचे दोन तास आणि संध्याकाळी भारतातल्या सूर्योदयाच्या आसपास, या दोन वेळा आधी ऐकून बघा.

४० मीटरवर प्रयत्न करणाऱ्यांसाठी एक खड्डा: आपल्याला जनरलवर आवाजासाठी ७.१७५ ते ७.३०० मिळतं, पण भारत ज्या विभागात येतो तिथे हा बँड ७.२०० ला संपतो. म्हणजे दोघांना समाईक जागा ७.१७५ ते ७.२०० एवढीच. ७.२५० वर रात्रभर भारताला हाका मारल्या तर कोण उत्तर देणार.

६. अँटेना, म्हणजे भाड्याच्या घराचं खरं दुखणं

आधी एक गैरसमज काढून टाका. "एफसीसीचा नियम आहे, घरमालक अँटेना नाकारूच शकत नाही" असं छातीठोक सांगणारे भेटतील. तो नियम टीव्हीच्या आणि डिशच्या अँटेनांसाठी आहे, हॅमसाठी नाही. १९८५ चा पीआरबी-१ म्हणून दुसरा आहे तो गावाच्या, काउंटीच्या नियमांपुरता, तुम्ही सही केलेल्या लीजला किंवा एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) तो लागू होत नाही. तेव्हा लीज काढा, "बाल्कनी" आणि "बाहेरील वस्तू" ही कलमं वाचा आणि मॅनेजमेंटला ईमेलवर विचारा. तोंडी "हो हो" वर जाऊ नका, मॅनेजर बदलला की तोंडी परवानगीही बदलते.

परवानगी मिळाली तर सगळ्यात स्वस्त अँटेना म्हणजे वायर. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, अर्ध्या लहरीची लांबी मीटरमधे मिळते. १४.२ साठी साधारण १० मीटर, म्हणजे डायपोलची (मधे केबल जोडलेल्या दोन बाजूंच्या तारेची) प्रत्येक बाजू ५ मीटर. थोडी जास्त कापा आणि मग अँटेना तपासायच्या मीटरचा काटा बघत बघत छाटा, कमी कापलेली वायर वाढत नाही.

दिशा: नकाशात भारत पूर्वेला दिसतो म्हणून लोक पूर्वेकडे तोंड करतात. पृथ्वी गोल आहे. न्यू जर्सीहून मुंबईचा जवळचा रस्ता उत्तरेपासून साधारण ३४ अंश ईशान्येला जातो, अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. डायपोल सिग्नल आपल्या अंगाला काटकोनात फेकतो, म्हणून तार वायव्य-आग्नेय ताणायची. खूप खाली टांगली असेल तर दिशेचा फारसा फरक पडत नाही हेही खरं, मग जिथे जमेल तिथे ताणा.

माझी पहिली तार बाल्कनीच्या लोखंडी कठड्याला घासून होती आणि एफटी८ (कॉम्प्युटरवरून पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने छोटे संदेश पाठवायची पद्धत) सुरू केलं की पंधरा सेकंद बेडरूममधला टच लॅम्प लागायचा, पंधरा सेकंद बंद. नवऱ्याला वाटलं दिवा बिघडला, त्याने तो दुकानात परत दिला आणि नवीन आणला, तोही तसाच. शेवटी तार मासेमारीच्या दोऱ्याने कठड्यापासून हातभर लांब टांगली, कोॲक्सवर (अँटेनाच्या केबलवर) आणि दिव्याच्या वायरवर ३१ नंबर मिक्सचे फेराइट, म्हणजे नको ते सिग्नल अडवणारी कडी, चढवले, पॉवर वीस वॉटवर आणली, तेव्हा शांत झालं. शेजाऱ्यांच्या घरातल्या दिव्यांचं काय होतंय हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून सुरुवात पाच-दहा वॉटनेच करा.

आणि रेडिएशनचा हिशोब. माणसं अँटेनापासून किती लांब हवीत हे काढणं सगळ्यांना बंधनकारक आहे, ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाळाचा पाळणा तुमच्या तारेपासून किती फुटांवर आहे ते विचारात घ्या.

परवानगी नाहीच मिळाली तर पार्कात जा. मला तर हेच जास्त आवडतं. फायबरचा दुमडता खांब, एक तार, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, डब्यात थालीपीठ. पार्क्स ऑन द एअर नावाचा खेळच आहे, पार्कातून बोललात की लोक स्वतः तुम्हाला शोधत येतात, नवशिक्याला यापेक्षा सोपं काही नाही. झाडाला तार बांधायला चालते का ते त्या पार्कच्या ऑफिसात विचारून घ्या.

७. आता घ्या सेट

हँडहेल्ड हवाच असेल तर जवळच्या रिपीटरसाठी (तुमचा सिग्नल घेऊन पुढे फेकणाऱ्या स्टेशनसाठी) घ्या. दोन मीटर बँडवर सहसा ६०० किलोहर्ट्झचा ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि रिपीटर उघडणारा सीटीसीएसएस टोन लागतो, टोन घातला नाही तर तुम्हाला सगळे ऐकू येतील पण तुम्ही कुणालाच नाही. "माझा रेडिओ खराब आहे" अशा दहा तक्रारींतल्या नऊ टोनच्या असतात.

एचएफसाठी शंभर वॉटचा वापरलेला सेट घ्या, यासू ८९१ किंवा आयकॉम ७३०० सारखा. क्लबातले म्हातारे हॅम चांगल्या ठेवलेल्या वस्तू विकतात, मे महिन्यात ओहायोत डेटन हॅमव्हेन्शनला तर जत्राच असते. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला समोर चालू करून दाखवायला लावा, ट्रान्समिटसकट, डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या चाचणीच्या डब्यावर). सेट १३.८ व्होल्ट डीसीचा बघा, म्हणजे उद्या भारतात नेला तरी फक्त पॉवर सप्लाय २३० व्होल्टचा बदलावा लागेल.

८. पहिला कॉल

मराठीत बोलता येतं का? येतं, खुशाल बोला. पण आवाजात कॉलसाइन सांगताना इंग्रजीतच सांगायचा, दर १० मिनिटांनी आणि संभाषण संपताना.

आपला एक खास घोळ म्हणजे व्ही आणि डब्ल्यू. मराठी तोंडात दोन्ही जवळजवळ सारखेच येतात, समोरचा अमेरिकन माणूस तीनदा विचारतो. म्हणून अक्षर म्हणूच नका, थेट व्हिक्टर किंवा व्हिस्की म्हणा, आणि व्हिस्की जरा ओठ गोल करून. आरशासमोर दहा वेळा म्हणून बघा, हसू येईल पण उपयोग होतो.

आता ज्याबद्दल सगळ्यात जास्त वाद होतो ते. आई इथे आली होती, सकाळी मला बंगळुरूचा एक स्टेशन लागला, आई धावत स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "दे इकडे, विचारते पाऊस आहे का तिकडे." मी माइक दिला नाही, आई दोन दिवस धुसफुसत होती. कारण लायसन्स नसलेल्या माणसाला आपल्या स्टेशनवरून परदेशी बोलू देता येतं ते फक्त ज्या देशांशी अमेरिकेचा तसा वेगळा करार आहे त्यांच्याशी, आणि त्या यादीत भारत नाही. नुसता निरोप पोचवणंही त्यातच आलं. अमेरिकेतल्या अमेरिकेत मात्र तुम्ही शेजारी बसून कंट्रोल सांभाळलात तर आईला बोलू देता येतं. मग मी तिला टेक्सासच्या एका काकांशी बोलायला दिलं, तिने त्यांना पोह्यांची रेसिपी सांगितली.

पैसे घेऊन किंवा कंपनीच्या कामासाठी हे वापरायचं नाही. ऑफिसच्या साइटवर नेटवर्क गेलं म्हणून हॅमवरून टीमला निरोप देणं हे नियमात बसत नाही आणि व्हिसावर असताना असल्या भानगडी नकोतच.

तपासा, एफटी८ वाल्यांनी: फ्रिक्वेन्सी १४.०७४, कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर, लॉग यूटीसीमधे. लॉग (संपर्कांची नोंद) लोटडब्ल्यू या ऑनलाइन नोंदवहीवर चढवा आणि त्याच्या सर्टिफिकेटची बॅकअप फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, ले-ऑफच्या दिवशी लॅपटॉप जातो आणि त्याबरोबर तीही.

९. घर बदललं, देश बदलला

नोकरी बदलून टेक्सासला गेलात तर कॉलसाइन तोच राहतो, पण पत्ता बदलून घ्या, त्याला फी नाही. टपाल किंवा ईमेल परत गेलं तर लायसन्स अडचणीत येऊ शकतं.

युरोपात फिरायला जाताना अमेरिकन हॅम सीईपीटी नावाच्या सवलतीवर तिथून बोलतात. ती फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवर एफसीसीचं लायसन्स असेल तर ती तुम्हाला नाही, एक्स्ट्रा असलात तरी. त्या देशाकडे आधी अर्ज करून वेगळी परवानगी मागायची.

आणि भारतात सुट्टीला जाताना: एफसीसीचं लायसन्स तिथे आपोआप चालत नाही. तिथली परवानगी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून, अर्ज सरल संचार पोर्टलवर, आणि आठ दिवसांच्या सुट्टीत ते होत नाही, महिने आधी सुरुवात करा. परवानगीचा कागद हातात नसेल तर सेट बॅगेत घालू नका, हँडहेल्डसुद्धा, "छोटासा तर आहे" हे विमानतळावर कस्टम्सला ऐकवून फायदा नाही. परवानगी असेल तर निघायच्या आधी मेमरीतले इथले चॅनेल पुसा, कारण दोन मीटर बँड आपल्याकडे १४४ ते १४८ आहे आणि तिथे १४६ ला संपतो, सवयीने दाबलेलं १४६.५२ तिथे हॅम बँडच्या बाहेर पडतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून.